तिसऱ्या मजल्यावरच्या घराचा करारनामा

आपल्या सायखेड्यात जमिनीचा व्यवहार कोणाला नवा नाही. सातबारा काढावा, बोजा आहे का ते पाहावे, बांधाशेजारच्याला विचारावे, विसार द्यावा, साठेखत करावे आणि शेवटी निफाडला जाऊन खरेदीखत नोंदवावे. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनाही हे सारे पाठ होते. जमीन डोळ्यांसमोर असते. तिला चार बाजूंना चार बांध असतात. तिला कोणी उचलून नेत नाही.

पण आता आपल्यातली पुष्कळ माणसे नाशिकला घर घेऊ लागली आहेत. कोणाचा मुलगा सातपूरला नाही तर अंबडला कारखान्यात लागला. कोणाची मुलगी कॉलेजात शिकते. कोणी गोदामाईच्या पुराला कंटाळले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपली बाजारपेठ पाण्यात उभी होती, ते अजून कोणी विसरलेले नाही. नाशिकला जागा घेऊन घर बांधणे बहुतेकांच्या ऐपतीत नाही. म्हणून लोक फ्लॅट घेतात. कायद्याच्या मराठीत त्याला सदनिका म्हणतात. जुनी माणसे गाळा म्हणत. आम्ही इथे फ्लॅटच म्हणणार, कारण आपण सारे तेच बोलतो.

आता विचार करा. तिसऱ्या मजल्यावरच्या घराचा बांध कोठे? खाली दुसऱ्याचे घर, वर तिसऱ्याचे घर. मग जमीन कोणाची? जिना कोणाचा? गच्चीवर पापड कोणी वाळवायचे? शिवाय पुष्कळदा पैसे देण्याच्या वेळी घर तयारच नसते. तिथे एक खड्डा असतो, नाहीतर चार खांब उभे असतात. म्हणजे आपण बिल्डरचे वचन विकत घेतो. ते वचन ज्या कागदावर लिहिलेले असते तो कागद म्हणजे करारनामा. फ्लॅट घेणाऱ्याच्या हातात सुरुवातीला दुसरे काहीच नसते.

या कागदासाठी कायदा का करावा लागला, ते थोडक्यात सांगतो. मुंबईत माणसे फार आणि घरे थोडी, अशी स्थिती झाली. तेव्हा मालकी हक्काने फ्लॅट विकण्याचा धंदा वाढला, आणि त्याबरोबर फसवणूकही वाढली. पैसे घ्यायचे आणि घर द्यायचे नाही. नकाशात एक दाखवायचे आणि बांधायचे दुसरे. म्हणून १९६० साली राज्य सरकारने एक समिती नेमली. तिचा अहवाल १९६१ साली आला, आणि १९६३ साली मालकी हक्काच्या फ्लॅटचा कायदा झाला. लोक त्याला ‘मोफा’ म्हणतात. पुढे १९७० साली अपार्टमेंटचा कायदा झाला. त्याविषयी खाली सांगू. आणि २०१६ साली साऱ्या देशासाठी स्थावर संपदेचा कायदा झाला, तोच ‘रेरा’. तो १ मे २०१७ पासून पुरा लागू झाला. आपल्या राज्यात तो राबवणाऱ्या प्राधिकरणाला ‘महारेरा’ म्हणतात. नावे अवघड वाटली तर सोडून द्या. पण पुढची एक गोष्ट सोडू नका.

ती गोष्ट अशी. घराच्या किमतीचा दहावा हिस्सा, एवढेच पैसे बिल्डरला कराराआधी घेता येतात. त्याहून एक रुपया जास्त घ्यायचा असेल तर त्याने आधी लेखी करारनामा केला पाहिजे, आणि तो दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, म्हणजे रजिस्टर कचेरीत, नोंदवला पाहिजे. हे रेरा कायद्याचे तेरावे कलम आहे. घर पंचवीस लाखांचे असेल तर अडीच लाखांपर्यंत पावतीवर द्या. पुढचे पैसे नोंदलेला करार हाती आल्यावर.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे काय झाले ते ऐका. त्याचे नाव सांगत नाही, बिल्डरचेही सांगत नाही. पोराने द्राक्षाच्या दोन हंगामांचे पैसे साठवले होते. पंचवीस लाखांचा फ्लॅट ठरला. बिल्डर गोड बोलला. “दादा, रजिस्टरचा खर्च आत्ता कशाला करता? भाव वाढतोय, आधी नंबर पक्का करा.” दादांनी नंबर पक्का केला. तीन वेळा मिळून नऊ लाख दिले. हातात काय आले? बिल्डरच्या नावाच्या छापील कागदावर तीन पावत्या, आणि ‘फ्लॅट नंबर अमुक तुम्हाला दिला’ अशी एक चिठ्ठी. बँकेत कर्ज मागायला गेले तर बँक म्हणाली, नोंदलेला करार आणा. तो आणायला गेले तेव्हा कळले की तोच फ्लॅट दुसऱ्या एका माणसाला विकला गेला आहे, आणि त्याचा करार नोंदलाही गेला आहे.

आता कायदा कोणाकडे पाहील? ज्याचा कागद सरकारी वहीत चढला त्याचे पारडे जड. आमच्या विद्यार्थ्याची पावती अगदीच वाया गेली असे नाही. पैसे दिले हा पुरावा त्यातून झाला. त्यांच्यावर दोन वर्षे हेलपाटे घालण्याची वेळ आली. शेवटी मुद्दल तुकड्यातुकड्यांनी परत मिळाले. व्याज मिळाले नाही, घर मिळाले नाही. दोन वर्षांत तोच फ्लॅट त्यांच्या ऐपतीबाहेर गेला. माणूस आठवड्याच्या बाजारात भेटला की अजून त्या चिठ्ठीविषयी बोलतो. आम्हाला वाटते, यात त्याच्या भाबडेपणाचा दोष थोडा आणि घाईचा जास्त. घाई नेहमी विकणारा करतो. घेणाऱ्याला घाई कशाची असते?

कराराची नोंद कशी होते? दुय्यम निबंधकाकडे.  आधी मुद्रांक शुल्क भरावे लागते. सरकारचा भागाप्रमाणे ठरलेला दरतक्ता असतो. तो दर आणि करारातली किंमत, यांत जी रक्कम जास्त तिच्यावर शुल्क घेतात. फ्लॅटच्या बाबतीत हे शुल्क करारनाम्यावरच पुरे भरून घेतात, तेव्हा पुढे पुन्हा तेवढेच द्यावे लागेल ही भीती नको. घर एकट्या बाईच्या किंवा फक्त बायकांच्या नावे घेतले तर २०२१ पासून शुल्कात एक टक्का सूट आहे. पंचवीस लाखांवर पंचवीस हजार होतात. आम्ही तर म्हणतो, घरातल्या लक्ष्मीच्या नावे घर करायला हे एक चांगले निमित्त आहे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत कागद नोंदीला नेला पाहिजे. तिथे फोटो काढतात आणि अंगठ्याचा ठसा घेतात. अंगठा साऱ्यांनाच द्यावा लागतो, वकिलाला आणि कलेक्टरलासुद्धा. तेव्हा तिथे अंगठा दिला म्हणून मान खाली घालू नका. सही मात्र स्वतःच्या अक्षरात ठोका. नोंद झाली की सूची दोनचा उतारा मिळतो. लोक त्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतात. सातबाऱ्यासारखा तो जपून ठेवावा.

कोणी म्हणेल, “गुरुजी, बिल्डर मुखत्यारपत्र करून देतो म्हणतो. त्यात शुल्क वाचते.” त्याला नको म्हणा. मुखत्यारपत्रावर घराची मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले आहे. आणि रोखीच्या गोष्टी आल्या तर तिथेही सावध राहा. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकराच्या कायद्याने मनाई आहे. चेकने द्या, बँकेतून द्या. जे पैसे कागदावर दिसत नाहीत ते उद्या भांडायच्या वेळीही दिसत नाहीत.

आता करारनाम्याच्या आत जाऊ. सरकारने २०१७ साली याचा एक नमुना ठरवून दिला आहे. बिल्डरचा कागद त्या नमुन्याशी ताडून पाहावा. कागद पुष्कळदा इंग्रजीत असतो. मराठीत मागा. आपल्या राज्यात मराठी कागद रजिस्टरला चालतो. तो देत नसेल तर कच्ची प्रत घरी आणा, चार दिवस ठेवा, जाणत्याकडून वाचून घ्या. प्रत घरी न्यायला जो देत नाही त्याच्याकडून घर घेऊ नये, असे आमचे मत आहे.

पहिली नजर क्षेत्रावर टाका. कागदावर ‘चटई क्षेत्र’ हा शब्द शोधा. इंग्रजी बोलणारे त्याला कार्पेट म्हणतात. नाव मोठे सोपे आहे. घरात जेवढ्या जागेवर चटई अंथरता येईल ती जागा. घरातल्या घरातल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. पूर्वी बिल्डर जिन्याचा, लिफ्टचा, दरवाजाबाहेरच्या जागेचाही वाटा मिळवून आकडा फुगवत. त्याला ते ‘सुपर बिल्टअप’ म्हणत. बोलायला नऊशे फूट, आणि आत पाहावे तर सहाशे. रेरा आल्यापासून चटई क्षेत्र सांगितलेच पाहिजे. करारात ते चौरस मीटरमध्ये असते. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट धरा. ५८ मीटर लिहिले असेल तर सुमारे ६२४ फूट झाले. ताबा घेताना टेप घेऊन मोजा. सरकारी नमुन्याप्रमाणे तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जागा कमी भरली तर बिल्डरने त्याचे पैसे व्याजासह परत दिले पाहिजेत. जागा मोजायला लाजू नका. कांद्याचे माप घेताना आपण कोठे लाजतो?

दुसरी नजर हप्त्यांवर. पैसे बांधकामाच्या मागे मागे जावेत, पुढे पळू नयेत. नमुन्यात हे छान सांगितले आहे. करार झाल्यावर एकूण रक्कम तीस टक्क्यांच्या वर जाऊ नये. जोते पूर्ण झाले की पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत. सारे स्लॅब पडले की सत्तरपर्यंत. भिंती, आतला गिलावा, फरशी, दारे-खिडक्या झाल्या की पंचाहत्तर. असे करत पंचाण्णव टक्के. शेवटचे पाच टक्के ताबा घेताना. तेव्हा अधूनमधून एस.टी.ने नाशिकला जा आणि जोते खरेच झाले का ते डोळ्यांनी पाहा. बिल्डरवरही एक बंधन आहे. लोकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के त्याने वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे असतात. ते त्याच कामाच्या जमिनीला आणि बांधकामाला वापरायचे. तुमच्या पैशावर दुसरीकडे तिसरी इमारत उभी करायची त्याला मुभा नाही.

आपणही हप्ता चुकवू नये. उशीर झाला तर व्याज पडते. तीनदा चुकला तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन करार रद्द करता येतो. द्राक्षाचे पैसे व्यापाऱ्याकडून यायला किती वेळ लागतो ते आपण जाणतो. म्हणून सही करण्याआधीच त्याचा हिशेब धरा.

तिसरी नजर ताब्याच्या तारखेवर. ‘काम लवकरच पूर्ण होईल’ असे लिहिले असेल तर ते काहीच लिहिलेले नाही. दिवस, महिना, वर्ष पाहिजे. त्या तारखेला घर मिळाले नाही तर रेराच्या अठराव्या कलमाने तुम्हाला दोन वाटा आहेत. घर नको असेल तर सारे पैसे व्याजासह परत मागा. घर हवेच असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचे व्याज मागा. व्याजाचा दर आपल्या राज्यात स्टेट बँकेच्या ठरलेल्या सर्वांत वरच्या कर्जदरात दोन टक्के मिळवून धरतात. आपण हप्ता चुकवला तर जो दर, तोच दर बिल्डर चुकला तर. पूर्वी असे नव्हते. आपल्याकडून अठरा टक्के, नाहीतर चोवीस टक्के, आणि त्याच्याकडून चिल्लर, असे करार सर्रास होत. असे एकतर्फी करार घेणाऱ्याच्या गळ्यात मारता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला आहे.

आता जमिनीकडे येऊ, कारण शेतकऱ्याचा जीव जमिनीत असतो. फ्लॅटच्या खालची जमीन कोणाची? याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत सारे मिळून सहकारी सोसायटी करतात. जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे होते. आपण सभासद, आपल्याकडे शेअर. दुसरी रीत १९७० च्या कायद्याची, तिला अपार्टमेंट म्हणतात. तिच्यात बिल्डर एक घोषणापत्र नोंदवतो. कोणता फ्लॅट किती मोठा, कोणत्या वस्तू साऱ्यांच्या, ते त्यात असते. मग प्रत्येकाला त्याच्या घराचे वेगळे खत मिळते, आणि जमिनीत, जिन्यात, गच्चीत त्याचा टक्क्यांनी हिस्सा लिहिला जातो. हा हिस्सा सामायिक विहिरीसारखा समजा. चौघा भावांची विहीर असते. सातबाऱ्यावर चार आणे हिस्सा लागतो. पण विहिरीत भिंत घालून कोणी आपला चतकोर वेगळा काढत नाही. शेत विकले की पाण्याचा हिस्सा त्याबरोबर जातो. फ्लॅटचा हिस्साही तसाच. तो घराला चिकटलेला असतो, एकटा विकता येत नाही. इमारतीच्या पाटीवर ‘अपार्टमेंट’ असे रंगवले म्हणून ती रीत झाली असे नव्हे. घोषणापत्र नोंदले का, किंवा सोसायटी होणार का, हे करारात वाचा.

यात एक खोच आहे. पुष्कळ बिल्डर फ्लॅट विकतात पण जमीन सोसायटीच्या नावे करून देत नाहीत. वीस-वीस वर्षे जमीन त्यांच्याच नावे राहते. मग इमारत जुनी झाली, पाडून नवी बांधायची म्हटले, की मालक वेगळाच निघतो. यासाठी २००८ साली मोफा कायद्यात एक सोय झाली. बिल्डर कागद करून देत नसेल तर सोसायटीला सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. तो अधिकारी चौकशी करून हुकूम देतो. याला ‘मानीव अभिहस्तांतरण’ असे जिभेला गाठ पाडणारे नाव आहे. अर्थ एवढाच, की बिल्डरने सही केली नाही तरी ती केली असे मानायचे.

गाडी लावण्याच्या जागेचेही भांडण मोठे. मुंबईच्या दहिसरची पंचाली नावाची सोसायटी. तिथल्या बिल्डरचे म्हणणे होते की इमारतीखालची, खांबांमधली मोकळी जागा आपण वेगळी विकू. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१० साली निकाल लागला की ती जागा साऱ्या रहिवाशांची आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. तेव्हा उघड्या पार्किंगचे वेगळे दोन लाख कोणी मागितले तर हा निकाल सांगा.

सही करण्याआधी कागद तर पाहायचेच. जमिनीचा उतारा, ती बिनशेती झाली का, तिच्यावर बँकेचा बोजा आहे का, नकाशा महापालिकेने मंजूर केला का. मंजूर नकाशात किती मजले आहेत ते मोजा आणि इमारतीचे मजले मोजा. हसू नका. मुंबईत वरळीला कॅम्पा कोला कंपाउंड म्हणून सात इमारती आहेत. १९८० नंतरच्या काळात बांधल्या गेल्या. परवानगी पाच मजल्यांची होती, आणि बिल्डरांनी वर कितीतरी मजले चढवले. चांगली शिकलेली, पैसेवाली माणसे तिथे वर्षानुवर्षे राहिली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वरचे मजले बेकायदा आहेत, ते पाडलेच पाहिजेत. पैसे त्यांनी खरे दिले होते, तरी ते कामी आले नाही. नाशिकला गोदावरीच्या बाजूला घर पाहत असाल तर पूररेषाही विचारा. निळी आणि लाल अशा दोन रेषा नकाशावर असतात. २००८ च्या सप्टेंबरात नाशिककरांनी मोठा पूर पाहिला. आपण सायखेड्याचे लोक पुराला कंटाळून तिकडे जायचे, आणि पुन्हा पाण्यातच घर घ्यायचे, याला काय म्हणावे?

इमारत पूर्ण झाली की महापालिका भोगवटा प्रमाणपत्र देते. ते मिळाल्याशिवाय किल्ली घेऊ नका. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष दिसला, भिंत तडकली, पाणी झिरपले, तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून दिले पाहिजे. बांधकाम चालू असताना त्याला साऱ्या इमारतीच्या नकाशात फेरबदल करायचे असतील तर घर घेणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश लोकांची लेखी संमती पाहिजे.

बिल्डर नोंदलेला आहे का, हे पाहणे आता सोपे झाले आहे. प्रत्येक मोठ्या कामाला महारेराचा क्रमांक असतो. तो इंग्रजी ‘पी’ अक्षराने सुरू होतो आणि जाहिरातीवर छापावाच लागतो. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोनही असतो. आपल्या मुलाच्या मोबाइलने त्याचा फोटो घेतला की त्या कामाची सारी माहिती उघडते. ताब्याची तारीख, मंजूर नकाशा, किती फ्लॅट विकले, कोर्टात दावे आहेत का, सारे. जमीन पाचशे चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच गुंठ्यांपर्यंत असेल, किंवा फ्लॅट आठपर्यंतच असतील, तर ही नोंद सक्तीची नाही. अशा लहान इमारतीला १९६३ चा कायदा आहेच. त्यातही आगाऊ रक्कम घेण्याआधी नोंदलेला करार हवा, आणि ती रक्कम किमतीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नको.

आणि इतके करूनही फसलात तर? महारेराकडे तक्रार करता येते. ती संगणकावरून करायची असते. फी पाच हजार रुपये आहे. वकील असलाच पाहिजे असे नाही. ग्राहक आयोगाकडेही जाता येते. रेरा आहे म्हणून तो दरवाजा बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. फुकट सल्ला हवा असेल तर निफाडच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. तिथे बायकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना मिळकत न विचारता वकील मिळतो. बाकीच्यांना मिळकतीची मर्यादा आहे. जाताना करारनामा, सूची दोन, साऱ्या पावत्या आणि बँकेचे पासबुक बरोबर न्या. मूळ कागद हातचे सोडू नका, झेरॉक्स द्या.